फोटोतला उजेड

लख्खभाऊंना हे नाव त्यांच्याच जाहिरातींनी दिलं. घरं भाड्यानं लावून देणं हा त्यांचा धंदा. घर कुठलंही असो, जिन्याखालचं असो की गच्चीवरचं, फोटोंच्या खाली त्यांची ओळ ठरलेली असायची: 'हवेशीर, लख्ख उजेड.' आधी इतर दलालांनी चेष्टेत हाक मारली, मग घरमालकांनी, आणि शेवटी फोनवर तेही 'लख्ख बोलतोय' असंच सांगू लागले. एक बायको तेवढी त्यांना 'अहो' म्हणायची, आणि त्या एका 'अहो'त तिला नवऱ्याबद्दल जे काही वाटायचं ते सगळं मावायचं.

अंधाऱ्या खोलीचा फोटो काढण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मान्य करायला हवं. बाकीचे दलाल खोलीत शिरले की ट्यूब लावायचे, फोनचा फ्लॅश चालू करायचे आणि दारातूनच खटाखट चार फोटो मारून निघायचे. ते फोटो पोलिसांनी पंचनाम्याला काढावेत तसे यायचे. लख्खभाऊ आधी खिशातून स्वच्छ रुमाल काढून फोनचं भिंग पुसायचे. निम्मा अंधार खोलीत नसतोच, तो भिंगावर बसलेल्या आपल्या बोटांच्या तेलात असतो, असं ते इतरांना बजावायचे. मग ट्यूब बंद, कारण बाहेरचा पांढरा उजेड आणि आतला दिव्याचा उजेड एकमेकांत मिसळले की भिंतीला कावीळ होते. मग पडदे दूर, सगळी दारं उघडी, आणि पाठ खिडकीकडे. खिडकी फोटोत घ्यावीच लागली तर फोनच्या पडद्यावर तिच्यावर बोट टेकवायचं आणि उजेड जरा खाली ओढायचा, म्हणजे खिडकीच्या जागी नुसता पांढरा डाग येत नाही. आणि खोली अगदीच काळोखी असली तर त्यांचा हुकमी एक्का होता. फोनमध्ये रात्रीच्या फोटोंसाठी जी सोय असते, ती लख्खभाऊ भरदिवसा वापरायचे. बादली उपडी टाकायची, तिच्यावर फोन विटेला टेकवून उभा करायचा, बोटाचा धक्का नको म्हणून टायमर लावायचा आणि आपण बाजूला श्वास रोखून उभं राहायचं. फोन तीन सेकंद डोळा उघडा ठेवून थेंब थेंब उजेड गोळा करतो. फोटोत खोली अशी येते की जणू आत्ताच न्हाऊन बसली आहे.

हे सगळं करताना आपण कुणाला फसवतोय असं त्यांना कधी वाटलं नाही. उलट त्यांना स्वतःच्या सचोटीचा अभिमानच होता. फोटो काढून झाल्यावर त्यात रंग भरणारे, भिंती गोऱ्या करणारे दलाल त्यांनी पाहिले होते. 'मी फोटोला पावडर लावत नाही, भिंगातून आलं तेवढंच,' असं ते छातीला हात लावून सांगायचे. ते अक्षरशः खरंही होतं. माणूस अशा एखाद्या खऱ्या वाक्याच्या आडोशाला किती वर्षं आरामात बसून राहू शकतो, ते लख्खभाऊंकडे पाहून कळलं असतं.

गोदामाच्या मागची दुसऱ्या मजल्यावरची खोली कुणी घेत नव्हतं. खोली तशी नीटनेटकी, नळाला पाणी, जिना रुंद. पण खिडकीतून हात बाहेर काढला तर गोदामाच्या भिंतीला लागेल, इतकी ती भिंत जवळ. येणारा माणूस उंबऱ्यातच थबकायचा आणि विचार करून सांगतो म्हणायचा. मग लख्खभाऊंनी एका सकाळी तिथे बादली उपडी टाकली. खिडकीजवळ मालकाचं जुनं टेबल ओढलं आणि श्वास रोखला. फोटो पाहून ते स्वतःच खूश झाले. टेबलावर असा मऊ, दुधासारखा उजेड पसरला होता की तिथे बसून काहीतरी लिहावं, शिवावं असं कुणालाही वाटलं असतं. घरी जाऊन त्यांनी बायकोला दाखवला. तिनं फोन जवळ धरला, लांब धरला आणि विचारलं, की ही खोली त्या गोदामामागचीच ना? हो म्हटल्यावर ती एवढंच म्हणाली, की मग तिथे राहायला फोटोतल्या माणसांनाच पाठवा. लख्खभाऊंना ती दाद वाटली.

तो फोटो पाहून खोली घेतली ती रफूवाल्या बाईंनी. साठी ओलांडलेल्या, एकट्या. कोटाला, शालीला पडलेलं भोक त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतले धागे काढून, नाहीतर डबीतला त्याच रंगाचा धागा निवडून असं विणून भरायच्या की नंतर त्यांनाही ते शोधावं लागायचं. दोन लाँड्रीवाले आपल्याकडे आलेले भारी कपडे त्यांच्याकडेच पाठवायचे. त्या राहत होत्या ती इमारत पाडायला काढली होती, आणि नेमका तेव्हाच त्यांचा पाय घसरून मोडला होता. प्लास्टरमधला पाय घेऊन जिने चढून घरं बघणं शक्यच नव्हतं. भाचीनं आपल्या फोनवर त्यांना चार घरांचे फोटो दाखवले. बाईंनी स्वयंपाकाचा ओटा बघितला नाही, कपाटं बघितली नाहीत. टेबलावरच्या त्या उजेडावर बोट ठेवलं आणि हीच म्हणाल्या.

व्यवहार ठरण्याआधी त्यांनी लख्खभाऊंना स्वतः फोन केला होता. काळ्या कपड्यावर काळा धागा घालायचा तर दिवसाचाच उजेड लागतो, दिव्याखाली काळा आणि गडद निळा एकच दिसतात, असं समजावून सांगितलं होतं. आणि सरळ विचारलं होतं, की उजेड आहे ना? त्यावर लख्खभाऊ आपलं ठेवणीतलं वाक्य बोलले होते, की ताई, फोटोला काहीही केलेलं नाही, भिंगातून आलं तेवढंच आहे. बाईंनी विश्वास ठेवला. न ठेवायला कारणही नव्हतं.

त्या राहायला आल्या आणि त्यांचा तक्रारीचा फोन काही आला नाही. दलालाच्या धंद्यात फोन न येणं म्हणजे माणूस सुखात आहे. लख्खभाऊंनी तो विषय डोक्यातून काढून टाकला.

मग एक दिवस त्यांच्या बायकोची लोकरी शाल दाराच्या खिळ्याला अडकून फाटली. तिला नवऱ्याकडून ऐकलेल्या रफूवाल्या बाई आठवल्या आणि तिनं नवऱ्याला शाल देऊन पिटाळलं. जिना चढताना लख्खभाऊ उगाचच दोनदा थांबले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. भर दुपार होती. दार उघडंच होतं. बाई खिडकीजवळ त्याच टेबलाशी बसल्या होत्या, आणि त्यांचे हात रिकामे होते. ट्यूब लावलेली नव्हती. लख्खभाऊंना क्षणभर खुर्ची दिसली आणि माणूस दिसलं नाही.

बाईंना मात्र त्यांना पाहून आनंद झाला. पाय आता बरा होता, लंगडत का होईना उठून त्यांनी पाणी आणून दिलं. म्हणाल्या, की बरं झालं तुम्ही आलात, मी तुम्हाला फोन करणारच होते, पण तुम्ही कामातला माणूस. मग त्यांनी फोन काढून तोच फोटो समोर धरला. भाचीकडून मागून घेतला होता म्हणे.

"भाऊ, एवढंच सांगा," त्या म्हणाल्या. "हा फोटो तुम्ही किती वाजता काढला होता?"

 का, असं लख्खभाऊंनी कसंबसं विचारलं.

मग बाईंनी सगळं सांगितलं, आणि सांगताना एकदाही आवाज चढवला नाही. हा उजेड कधी येतो ते त्या आल्यापासून शोधत होत्या. आधी वाटलं सकाळी येत असेल, म्हणून पहाटेपासून टेबलाशी बसल्या. मग वाटलं दुपारी येत असेल आणि नेमका आपला डोळा लागत असेल, म्हणून दुपारची झोप सोडली. या टेबलाशी बसून एका गिऱ्हाइकाच्या काळ्या कोटाला रफू केलं, तर लाँड्रीवाल्यानं कोट परत आणून दिला. धागा निळा गेला होता. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. तेव्हा त्यांना उलगडा झाला, की खोलीचा काही दोष नाही. खोलीत उजेड आहे, फोटोत स्पष्ट दिसतोय, आणि फोटोला काही केलेलं नाही असं तुम्हीच तर म्हणाला होता. कमी दिसतंय ते आपल्याच डोळ्यांना.

"तुम्ही दुपारी काढला असेल तर मग डोळे गेलेच म्हणायचे," बाई म्हणाल्या. "मग हे काम सोडलेलं बरं. लोकांचे कपडे बिघडवून ठेवण्यात अर्थ नाही. तुम्हाला काय वाटतं, डोळेच ना?"

आता इथे लख्खभाऊंनी काय बोलायला हवं होतं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्यांनाही कळत होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण खोली परत गेली तर मालक काय म्हणेल, चारचौघांत कसं दिसेल, आजवर ज्या वाक्यावर आपण छाती फुगवली त्याचं काय होईल, असं सगळं एकदम डोक्यात गर्दी करून आलं, आणि बाई तर स्वतःच त्यांना सुटायला वाट करून देत होत्या.

"वयाप्रमाणे होतंच ताई," लख्खभाऊ म्हणाले. "डोळेच असणार."

बाईंनी मान हलवली. शाल हातात घेऊन बोटांनी चाचपली, लोकर चांगली आहे म्हणाल्या, आणि परत दिली. आता दुसऱ्या कुणाकडे द्या, म्हणाल्या.

फाटकी शाल परत आलेली पाहून बायकोनं कारण विचारलं. त्यांनी सांगितलं, की बाईंचे डोळे गेले. त्यांना वाटलं, विषय संपेल. पण ती हातातलं काम टाकून समोर येऊन बसली. डोळे कसे गेले? कुणी सांगितलं? डॉक्टरांनी का? लख्खभाऊ रुमाल काढून फोनचं भिंग पुसू लागले. ती त्यांच्याकडे बघत राहिली. फोटो तिनं पाहिलेला होता आणि खोली कुठली तेही तिला ठाऊक होतं. तिला दुसरं काही विचारावं लागलं नाही. तिनं 'अहो' असं म्हटलं आणि उठून आत गेली. लख्खभाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको भांडली असती तर ते चार उलट बोलले असते, धंदा असाच असतो म्हणाले असते. आता ते सगळं स्वतःलाच सांगायची वेळ आली, आणि ते ऐकून घेणारा आत कुणी उरला नव्हता. जेवणाचं ताट त्यांनी तसंच सारलं. आपण आज एका बाईचे डोळे काढून घेतले, हेच एक वाक्य डोक्यात घोळत राहिलं, आणि या वाक्याच्या मात्र आडोशाला बसता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कुणी न पाठवता पुन्हा तो जिना चढले. बाई टेबल खिडकीपासून भिंतीकडे सरकवत होत्या. सुया कुठे दिसत नव्हत्या. लख्खभाऊंनी नमस्कारही केला नाही. काय बोलायचं ते येताना घोकलं होतं, पण ते तसंच राहू दिलं. त्यांनी सरळ फोनच काढला. टेबलाचा एक साधा फोटो घेतला आणि त्यांना दाखवला. त्यात टेबल जेमतेम ओळखू येत होतं. मग मोरीतली बादली आणून उपडी टाकली, फोन तिच्यावर टेकवला आणि तीन सेकंद उभे राहिले. सवयीनं श्वासही रोखला. तो फोटोही त्यांच्या हातात दिला.

बाईंनी दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले. एकदा हा, एकदा तो. मग मान वर करून खिडकीकडे पाहिलं, गोदामाच्या भिंतीकडे पाहिलं.

"म्हणजे हा उजेड इथे येतच नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"नाही ताई. कधीच येत नाही. फोन तो साठवून दाखवतो. तुमचे डोळे चांगले आहेत."

बाई खाली बसल्या. त्यांना रडू आलं, आणि ते सुटकेचं होतं हे लख्खभाऊंनाही कळलं. ते घाईघाईनं बोलू लागले. मालकाशी मी बोलतो, चांगली खोली मी शोधून देतो, दक्षिणेकडे खिडकी असलेली, माझी दलाली नको, सामान मी हलवून देतो. बाईंनी डोळे पुसले आणि हातानंच त्यांना थांबवलं. आज उठल्याबरोबर त्यांनी दोन्ही लाँड्रीवाल्यांना निरोप दिला होता, की यापुढे कपडे पाठवू नका, मला दिसत नाही. सुयांची डबी भाचीकडे देऊन टाकली होती. सुया परत मागता येतील. पण ज्या रफूवालीनं स्वतःच दिसत नाही म्हणून सांगितलं, तिच्या हाती भारी कोट पुन्हा कोण देईल, ते काही सांगता येत नव्हतं.

लख्खभाऊ उभेच होते. फोन देताना उचललेली बादली हातात तशीच राहिली होती.

"फोटोचा मला राग नाही भाऊ," बाई म्हणाल्या. "आपला माल जो तो चांगलाच दाखवतो. मी तरी आयुष्यभर काय केलं? भोक दिसू नये म्हणूनच तर लोक माझ्याकडे यायचे." मग त्यांनी फोन लख्खभाऊंना परत दिला. "पण काल मी तुम्हाला खोलीचं नव्हतं विचारलं. माझ्या डोळ्यांचं विचारलं होतं. आणि तुम्ही हो म्हणालात."

लख्खभाऊंनी मान खाली घातली. या काळोखात आपला चेहरा बाईंना धड दिसत नसेल, असं मनात येऊन त्यांना क्षणभर बरं वाटलं. आणि आयुष्यात केलेल्या कुठल्याही गोष्टीची वाटली नसेल, एवढी लाज त्यांना त्या बरं वाटण्याची वाटली.