हेल्मेटातला वाळा

नवऱ्यासाठी घ्यायचं हेल्मेट स्वतःच्या डोक्यात घालून सीताबर्डीच्या दुकानात उभी राहिलेली मी बहुधा पहिलीच बाई असेन. दुकानदार हबकलाच. मी अंबाडा सोडला, पदर खोचला, ते पांढरं धूड हनुवटीपर्यंत ओढलं आणि आरशात पाहिलं. आतूनच विचारलं, "याच्यातून बाजूचं काहून दिसत नाही?" माझा आवाज मलाच रांजणात तोंड घातल्यासारखा ऐकू आला.

"बाई, घालणार कोण हाय? तुम्ही का साहेब?"

"घालतील ते. पण पसंत मी करून राहिली."

साहेब म्हणजे आमचे यजमान. ते समोरच्या पानठेल्यावर पाठ करून उभे होते, जणू ही वेडी बाई कोण, कुठली, त्यांना ठाऊकच नाही. मीही हाक मारली नाही. डोकं त्यांचं असलं तरी ते घरी परत येतं की नाही याची वाट मी बघायची, तेव्हा निवड मीच करणार होते.

हे ऐंशीच्या दशकातलं. आम्ही धरमपेठेत राहायचो आणि हे रोज मोटारसायकलनं काटोल रोडनं कळमेश्वरच्या कारखान्यात जायचे. तेव्हा हेल्मेट घालणाऱ्या माणसाकडे लोक वळून बघत. घातलंच कुणी, तर नुसतं टाळू झाकणारं, आम्ही त्याला वाटी म्हणायचो. यांच्याच खात्यातला एकजण अशी वाटी घालून रस्त्यावर टाकलेल्या गिट्टीवर घसरला. डोकं वाचलं, जबडा फुटला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्याचे दात तारेनं बांधलेले होते आणि बायको त्याला नळीनं वरणाचं पाणी पाजत होती. आम्हाला बघून तो हसायला गेला. घरी येताना मी ठरवून टाकलं, आणायचं ते पूर्ण तोंडाचंच.

त्या दुकानात पूर्ण तोंडाची दोनच निघाली. एक लाल, चमकदार, वर पट्टे, हातात घेतलं तर फुलासारखं हलकं. पानठेल्यावरून यांची नजर त्याच्यावरच होती. दुसरं ते पांढरं धूड. लाल घातलं तेव्हा माझ्या चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतल्या, आणि चष्मा तर यांनाही होता. समोरची काच बाटलीच्या बुडासारखी, दुकानदाराला दोन नाकं दिसत होती. पांढऱ्यात बाजूचं कमी दिसायचं, मान वळवावी लागायची, पण काच स्वच्छ होती आणि हनुवटीपुढे चांगला जाड कठडा होता. मग मी दोन्हींच्या आतलं कापड उचकटून पाहिलं. लाल्याच्या आत नुसता स्पंज. पांढऱ्याच्या आत थर्माकोलचा जाड घुमट. मी त्यात अंगठ्याचं नख रोवलं, खोल कोयरीसारखी खूण उमटली.

"अवो बाई, माल खराब करता का!" दुकानदार ओरडला.

"आता हे आमचंच झालं," मी म्हटलं.

मार्च संपेपर्यंत यांनी ते मुकाट घातलं. एप्रिलमध्ये कुरकुर सुरू झाली. नागपूरचं ऊन काही सांगायला नको. "डोकं शिजून राहिलं वं माझं," हे संध्याकाळी म्हणायचे, आणि खरंच केसांत घामोळ्या भरलेल्या असायच्या. पुढे पुढे गल्लीच्या तोंडाशीच हेल्मेट डोक्यावरून उतरून कोपरात जायचं. मी फाटकातून ओरडायचे, "डोकं काय कोपरात हाय का तुमचं?" सगळी आळी ऐकायची. मला त्याची पर्वा नव्हती.

मग अचानक कुरकुर थांबली. हे सकाळी हेल्मेट घालून शीळ घालत निघायला लागले आणि घालूनच परत यायला लागले. मी मनात म्हटलं, जिंकले बाई एकदाची. फक्त संध्याकाळी यांच्या केसांना ओल्या वाळ्याचा वास यायचा, छान थंडगार. कारखान्याच्या ऑफिसात नवे कूलर बसले असतील असं मी धरून चालले.

आमच्या घरात कूलर हा खालच्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या भासऱ्यांचा प्रांत. यांचे मोठे भाऊ. नोकरी सरकारी कचेरीत, पण जीव कूलरमध्ये. होळी झाली की कूलरच्या बाजूंच्या जुन्या ताट्या सोडायच्या, त्यांत वाळ्याचं नवं गवत भरायचं, पंपात अडकलेला कचरा काढायचा. आळीतला प्रत्येक कूलर त्यांच्या हातून जायचा आणि ते कुणाकडे चहासुद्धा घ्यायचे नाहीत. माणसाला गारवा मिळाला की त्यांना मिळाला. त्या वर्षी त्यांनी कंपाउंडच्या भिंतीवर चिमण्यांसाठी पाण्याचं एक पांढरं, खोलगट भांडंही ठेवलं होतं. पाणी गार राहायचं त्यात. मी त्यांचं कौतुकसुद्धा केलं होतं.

मे महिन्यात एका दुपारी कळमेश्वरहून परतताना फेटरीच्या अलीकडे यांच्या गाडीचं मागचं टायर फुटलं. हे पाठीवर पडले आणि डोक्याची मागची बाजू रस्त्यावर आदळली. टेम्पोवाल्यानं दवाखान्यात आणून टाकलं. मी आणि भासरे पोचलो तेव्हा हे बेशुद्ध होते, कानातून रक्त आलेलं होतं, आणि बाजूच्या टेबलावर ते पांढरं हेल्मेट तडकून पडलं होतं. मी डॉक्टरांना म्हटलं, घाबरत घाबरत पण जरा तोऱ्यातच, "हेल्मेट होतं डॉक्टरसाहेब. चांगलं, पूर्ण तोंडाचं. मी पाहून घेतलेलं."

डॉक्टरांनी हेल्मेट उचललं, आत हात घातला आणि मुठीत ओलं गवत बाहेर काढलं.

"हे काय आहे? आतली गादी कुठे आहे याची?"

त्या औषधांच्या वासाच्या खोलीत वाळ्याचा वास पसरला. मी बघतच राहिले. मला खरंच काही कळेना. कुणीतरी दुसऱ्याचंच हेल्मेट उचलून आणलं असं वाटलं. तेवढ्यात मागून भासऱ्यांचा आवाज आला, इतका बारीक की मी तसा कधी ऐकला नव्हता.

"म्या काढली. डोकं लय तापत होतं त्याचं. म्हटलं, वाळा भरून देतो, सकाळी भिजवला की कळमेश्वरपर्यंत कूलरच, येताना पुन्हा भिजवायचा."

"काढली ती कुठे हाय?" मी विचारलं.

ते खाली पडलेल्या वाळ्याच्या काड्या वेचायला लागले.

"भाऊजी, कुठे हाय ते?"

"चिमण्यांले पाणी ठेवलं ना... थेच."

माझ्या डोक्यात अशी सणक गेली की मी त्यांच्यावर हात उगारला. भासऱ्यांवर! त्यांच्यासमोर मी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. हात तसाच वर राहिला आणि ते मारून घ्यायला तयार असल्यासारखे मान खाली घालून उभे राहिले. दोघांनी मिळून माझ्यापासून लपवलं होतं. का, तर मी ओरडेन म्हणून! ओरडलेच असते. गल्ली डोक्यावर घेतली असती.

संध्याकाळी कपडे न्यायला घरी आले, तर भिंतीवर दोन चिमण्या त्या भांड्यातून पाणी पीत होत्या. त्या उडेपर्यंत मी थांबले. मग पाणी ओतून ते उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं, आतून बोट फिरवलं. माझ्या अंगठ्याची ती कोयरी तिथं होती, जशीच्या तशी. महिनाभर मी रोज त्याच्या बाजूनं जात-येत होते. मी फाटकाशीच फतकल मारून बसले आणि मोठ्यानं रडले.

हे वाचले. बरेच दिवस शुद्ध-बेशुद्ध असे हेलकावे खात मग एकदाचे घरी आले. चालत होते, बोलत होते, हिशेबात चुकत नव्हते. मी आळीभर पेढे वाटले. भासऱ्यांशी मात्र मी बोलत नव्हते.

एका सकाळी हे स्वयंपाकघरात पेपर वाचत बसले होते. मी दूध तापत ठेवून खाली अंगणात कपडे वाळत घालायला गेले आणि शेजारणीशी बोलत राहिले. करपल्याचा वास अंगणापर्यंत आला. धावत वर गेले तर पातेलं काळंठिक्कर, घरभर धूर, आणि हे पातेल्याकडे पाठ करून पेपरातच.

"नाक हाय का नुसतं चष्मा ठेवायले?" मी किंचाळले.

त्यांनी वळून पातेलं पाहिलं. मग धूर. मग माझ्याकडे.

"वास येऊन राहिला का?" त्यांनी विचारलं.

मी हिंग आणला, कापूर आणला, कांदा फोडून नाकाशी धरला. कांद्यानं डोळ्यांतून पाणी तेवढं आलं. डॉक्टर म्हणाले, मार बसला की वासाच्या बारीक नसा तुटतात कधी कधी. कुणाच्या परत जुळतात, कुणाच्या नाही. यांच्या जुळल्या नाहीत.

पुन्हा कामावर जायच्या आधी मी नवं हेल्मेट आणलं, तसंच पांढरं, तसंच जड. रोज सकाळी हे निघताना भासरे फाटकाशी येऊन उभे राहायचे, आत हात घालून थर्माकोल चाचपायचे, मगच हेल्मेट परत द्यायचे. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. मी ते खिडकीतून बघायचे आणि माझा राग हळूहळू ओसरत गेला, मला नको असताना.

पुढच्या वर्षी होळी झाली तरी भासऱ्यांनी एकाही कूलरला हात लावला नाही. आळीतले लोक येऊन परत गेले. शेवटी हेच खाली गेले आणि त्यांना हाताला धरून वर घेऊन आले. "भाऊ, मले गरमी होऊन राहिली गा. चाल, लाव." भासऱ्यांनी नवा वाळा भरला, पंप सुरू केला. ताट्या भिजल्या, पंखा फिरला आणि वाळ्याचा पहिला झोत घरभर गेला. मी दारातच थबकले. मला दवाखान्याची ती खोली आठवली.

हे कूलरसमोर डोळे मिटून बसले होते. छाती भरून श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला.

"भाऊ, आला का गा वास?"

भासऱ्यांच्या हातात उरलेला ओला वाळा होता. त्यांनी तो तसाच तोंडावर दाबून धरला.

"आला," मी म्हटलं.

"मंग मस्त," हे म्हणाले, आणि डोळे न उघडता तसेच बसून राहिले.