खिळा नसलेलं घर

लिमयेबाईंच्या घरात भिंतीवर एकही खिळा नव्हता. दुबईच्या बर दुबई भागातल्या त्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये घड्याळ फ्रिजवर बसायचं, कॅलेंडर खिडकीच्या मुठीला लटकायचं आणि गणपती शिवणयंत्रावर असायचा. "घर परक्याचं असलं तरी हात आपले ना, सावंत!" असं त्या मला म्हणायच्या.

बाई जवळच्याच ऊद मेथा भागातल्या एका शाळेत हिंदी शिकवायच्या. मी त्यांच्या घरमालकाच्या ऑफिसात कारकून होतो. भाड्याचे चेक आणायला मीच जायचो. "आधी थालीपीठ, मग चेक. रिकाम्या पोटी वसुलीला फिरू नये, लोकांच्या शिव्या पचत नाहीत," असं म्हणून त्या ताट पुढे करायच्या. मीही लाजत नसे.

मग दोन हजार आठची मंदी आली. बाईंचे यजमान ज्या कंपनीत होते, ती खलास झाली. बाई नवऱ्याच्याच व्हिसावर, त्यामुळे दोघांना महिन्याभरात देश सोडायचा होता. डिपॉझिटचे पाच हजार दिरहम, म्हणजे आपले पासष्ट हजार, परत मिळाले की तिकिटं काढायची असं ठरलं होतं. पण घरमालकाने सगळ्या भाडेकरूंची डिपॉझिटं एका अर्धवट टॉवरमध्ये घालून ठेवली होती. मॅनेजर मला म्हणाला, "सावंत, कुछ भी डॅमेज दिखाओ. डिपॉझिट वापस नहीं जाना चाहिए."

घर तपासायला गेलो तर बाईंनी ओट्यामागच्या टाइल्ससुद्धा ब्रशने घासून ठेवलेल्या. शोधून काही सापडेना. शेवटी फॉर्मवर मी इंग्रजीत लिहिलं, 'भिंतींना खिळ्यांची भोकं. रंगकाम आवश्यक.' त्या महिन्यात प्रत्येक घरासाठी मी तेच लिहीत होतो. हात आपोआप चालला.

बाईंनी चष्मा लावून ते वाचलं. मग हॉलपासून बेडरूमपर्यंत भिंतीवरून हात फिरवत गेल्या आणि परत आल्या.

"दाखवा ना, सावंत. कुठंय भोक?"

मी फॉर्मवर तारीख घालू लागलो.

"रेंट कमिटीकडे तक्रार घेऊन जायचा हक्क आहे मला, ठाऊक आहे. पण तारीख लागेपर्यंत आम्ही इथे नसू. तुम्ही एक ओळ खरी लिहा, एवढंच मागते."

मला माझा व्हिसा आठवला, मुलीची शाळा आठवली. मी पेन पुढे केलं. "सही करा, बाई."

त्यांनी सही केली. तिच्याखाली फळ्यावर लिहावं तशा गोल, सुट्या अक्षरांत मराठीत एक ओळ लिहिली : 'भिंतीला एकही खिळा मारलेला नाही.' मग किल्ल्या दिल्या आणि सवयीने विचारलं, "चहा घेणार?" मी नको म्हणालो. तेवढीच काय ती लाज शिल्लक होती.

शिवणयंत्रासकट सगळं सामान विकून दोघं गेले, असं मागाहून कळलं. माझी नोकरी टिकली, मुलगी शिकली. पण त्या दिवशी तो फॉर्म घेऊन ऑफिसात गेल्यावर जे झालं, ते मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

मॅनेजर हिंदी बोलायचा, पण त्याला देवनागरी वाचता येत नव्हती. त्या ओळीवर बोट ठेवून त्याने विचारलं, "ये नीचे क्या लिखा है?"

"अ‍ॅग्री किया है, सर," मी म्हणालो.

त्या ऑफिसात मराठी वाचणारा मी एकटाच होतो. बाईंना ते चांगलं ठाऊक होतं.