देवरावची बोट गडचिरोलीला जाऊन आली

संघप्रिया रामटेके वडशात राहते आणि जगभरच्या जहाजांचा धूर मोजते. असं तिनं सांगितलं की समोरचा माणूस आधी तिच्याकडे बघतो, मग हसू दाबतो. शेजारच्या नीलाबाईनं मात्र काही दाबलं नव्हतं. "वैनगंगेत कोनतं जहाज येऊन राह्यलं व पोरी?"

काम खरंच तसं होतं. मोठी जहाजं आपण कुठे आहोत, किती वेगानं चाललोय, याचे इशारे सतत देत असतात. ते इशारे आणि इंजिनाची ताकद यांवरून किती तेल जळलं, किती कार्बन हवेत गेला, याचा अंदाज पुण्याच्या एका संस्थेसाठी संघप्रिया घरबसल्या काढायची.

तिचे वडील देवराव रेल्वेतून निवृत्त झालेले. घरी बसवेना म्हणून त्यांनी एक बोट घेतली, तिला पाण्याच्या पंपाचं जुनं डिझेल इंजिन बसवलं आणि लोकांना नदीपार सोडायला लागले. एकदा जेवताना ते म्हणाले, "तुह्या जहाजायनं दुनिया काळी करून टाकली. माही बोट पाह्य, कशी साजरी!"

"बाबा, क्विंटलभर माल तेवढाच दूर न्यायचा तं तुमची बोट त्या जहाजापेक्षा जास्त धूर सोडते."

देवरावांचा घास हातातच राहिला. "माही बोट? मोजून दाखव!"

कधी मोजणार, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं जुना मोबाइल प्लास्टिकमध्ये गुंडाळून बोटीच्या फळीखाली ठेवला. तो जाईल तिथला ठावठिकाणा तिच्या कॉम्प्युटरवर उमटू लागला. जहाजांच्या यादीला तिनं गमतीनं एक नाव जोडलं : 'देवराव'. बोट या काठावरून त्या काठाला जायची आणि यायची. संघप्रिया मनातल्या मनात हसायची.

सोमवारी ऑनलाइन बैठक होती. महिन्याचे आकडे पडद्यावर आले आणि त्यांच्याबरोबर 'देवराव'ही आला, कारण तो काढून टाकायचं ती विसरली होती. बोट नदी सोडून काठावर चढली होती. आरमोरीच्या रस्त्यानं सुसाट निघून गडचिरोलीच्या बसस्टँडवर थांबली होती, बाजारात हळूहळू हिंडली होती आणि संध्याकाळी परत आली होती. वेग थोडा वाढला तरी जहाजाला कितीतरी पट ताकद लागते, हे हिशेबाला पक्कं ठाऊक. त्यानं बसच्या वेगानं पळणाऱ्या बोटीच्या नावावर एखाद्या लहानशा जहाजाएवढा धूर लावून दिला होता.

"ही देवराव कुठल्या देशाची?" पुण्याच्या मॅडमनी विचारलं.

संघप्रियाचे कान तापले. "गडचिरोली जिल्ह्याची, मॅडम."

कुणीतरी आवाज बंद करायला विसरलं होतं. त्याचं हसू सगळ्यांना ऐकू गेलं.

बैठक संपताच ती तरातरा घाटावर गेली. देवराव भोळ्या चेहऱ्यानं दोरी गुंडाळत होते. "काऊन व? बोट तं इथीच हाय."

बोटीत बसलेल्या नीलाबाईला राहवलं नाही. "मीच नेल्ता तो मोबाइल. डोळे दाखवाले गडचिरोलीले जाऊन राह्यली होती. तुहे बाबा म्हने, बाई, याले जरा फिरवून आना, फळीखाली कोंडल्यावानी झालं त्याले."

"बापामागं शीआयडी लावते?" देवराव म्हणाले. "मंग मी काय गप बसू?"

चिडायचं ठरवून आलेली संघप्रिया वाळूवर बसली आणि पोट दुखेस्तोवर हसली.

मॅडम मात्र हसून थांबल्या नाहीत. बोट रस्त्यानं गेली तरी हिशेबानं हूं की चूं केलं नाही, मग खरं जहाज जमिनीवर दिसलं तर? त्यांनी हे काम संघप्रियाच्याच गळ्यात घातलं. तिनं खपून एक चाळणी बनवली : जमिनीवर दिसणारं जहाज बाजूला काढायचं. चाळणी लावली तर एक मालवाहू जहाज चक्क विमानतळावर उभं असलेलं सापडलं. कुणीतरी खोटे इशारे सोडले होते. देवरावांनी हे सगळ्या घाटाला सांगितलं. "मीच शिकोलं तिले," असंही वर जोडलं.

मग बसची फेरी वगळून तिनं बोटीचा खरा अंदाज काढला आणि चुलीपाशी बसलेल्या आईसमोर, बायनाबाईंसमोर, तो बापाला वाचून दाखवला. नदी ओलांडताना जळतं त्याच्या जवळपास निम्मं तेल काठावरच जळत होतं. इंजिन पुन्हा सुरू करायला हँडल मारावं लागतं, म्हणून देवराव ते चालूच ठेवायचे आणि टपरीवर निवांत चहा पीत गप्पा हाणायचे.

"आता बोला," बायनाबाई म्हणाल्या.

देवरावांनी बराच विचार केला. "ठीक हाय. चाय लवकर पेत जाईन."

आता ते घाटावर बशीत ओतून चहा पितात.