टँकरच्या लायनीतलं रीळ

आमच्या आईचं म्हणणं होतं की ती सिनेमात होती. लग्न होऊन नुकती गावात आली, त्या दुष्काळात सहकारी दूध संघाचे लोक कॅमेरा घेऊन आले, विहिरीपाशी त्यांनी बायकांचं शूटिंग केलं आणि त्यात ती होती. पण ते चित्र आमच्या गावात कधी दाखवलंच नाही. त्यामुळे गावानं ठरवून टाकलं की बाई थापा मारते. माझी चुलती, म्हणजे आईची धाकटी जाऊ, तिला तोंडावर हिरोईन म्हणायची. "काय हिरोईनबाई, शेण काढून झालं का वो?" आई चिडायची, जेवणावर राग काढायची आणि दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायची.

मला जुन्या रिळांचं वेड लागलं ते यामुळे. शाळेतली चांगली मास्तरीण असून मी भंगाराच्या दुकानात उकिडवी बसायचे. आष्टी-पाटोद्याकडे कुठे तंबूतल्या टॉकीजचं सामान मोडीत निघालं की मी हजर. आईचं चित्र काही सापडेना, पण नाद लागला तो लागला. देवादिकांची, मारामारीची, खताच्या जाहिरातीची, मला काही वर्ज्य नव्हतं.

एवढे डबे ठेवायचे कुठे? पाऊस रुसला, ज्वारीची कणगी रिकामी झाली, आणि मी ती डब्यांनी भरली. हवा इतकी कोरडी की एकाही रिळाला बुरशी लागली नाही. दुष्काळाचे हे उपकार मी एकदा हौसेनं बोलून दाखवले. आईनं असं काही पाहिलं माझ्याकडे की आठवडाभर मी कणगीचं नाव काढलं नाही.

रिळाचे लाड फार. अधूनमधून उलगडून पुन्हा गुंडाळायचं, मऊ धोतराच्या तुकड्यानं पुसायचं, धरायचं ते कडेनंच. आणि हुंगायचं. आंबूस वास आला तर फिल्म बिघडायला लागली असं समजायचं आणि तिला वारा द्यायचा.

दूध संघाचं जुनं गोदाम रिकामं झालं तेव्हा तिथून मला एक डबा मिळाला. लेबल उंदरांनी खाल्लेलं. माझ्या प्रोजेक्टरचा दिवा गेलेला, नवा बीडहून यायचा होता. म्हणजे पडद्यावर लावून बघायला मार्ग नाही, आणि मला तर दम निघेना. झाकण उघडलं तर सणसणीत आंबूस वास. भिंगानं पाहिलं तर सुरुवातीची हातभर फिल्म कोरीच, आणि शाळेची वेळ झालेली. आईला उगाच आशा लावायला नको म्हणून तिला काही न सांगता मी डबा ओट्यावर सावलीत ठेवला, झाकण किलकिलं केलं आणि शाळेत गेले.

आमच्याकडे टँकरच्या लायनीत माणसांआधी वस्तू उभ्या राहतात. घागर, हंडा, फुटका माठ, चप्पल, दगड. ज्याची वस्तू त्याचा नंबर, आणि तो कुणी मोडत नाही. त्या दिवशी आमची सगळी भांडी लायनीत होती. एकच घागर राहिली होती, ती आईच्या डोक्यावर पालथी. ही तिची जन्माची खोड. पाण्याला जाताना रिकामी घागर टोपीसारखी घालायची, ऊन लागत नाही म्हणे. साऱ्या गावात असली बाई एकच. तर बाजारातून यायच्या नव्या बादलीसाठी तिला आणखी एक नंबर धरायचा होता. ओट्यावर तिला डबा दिसला.

शाळेतून आले तो ओटा रिकामा.

"आई, डबा कुठंय?"

"लायनीत हाय."

"कावून?"

"नंबराला!"

मी पदर खोचून धावत सुटले. आई मागे, डोक्यावर घागर. पोचले तर डबा कलंडलेला, झाकण कुणाच्या तरी हंड्यावर, आणि फिल्म एका शेळीच्या शिंगांत अडकून गल्लीभर पसरलेली. शेळी तरी शहाणी, एका जागी उभी होती. "हात लावू नका!" मी किंचाळले. मग लक्षात आलं की हात लावल्याशिवाय ती गोळा कशी होणार. "लावा, पण कडेनं! मधे बोट न्हाई!"

बायका आपापल्या भांड्यापाशी उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीनं हातभर फिल्म उचलून धरली. मी एका टोकाला बसून गुंडाळत होते, फिल्म हातोहात माझ्याकडे सरकत होती. टँकरच्या लायनीनं रीळ गुंडाळलं जातंय! मला हर्षवायू व्हायचा तेवढा बाकी होता. एवढ्यात चुलतीनं आपल्या हातातली फिल्म उन्हाकडे धरली.

"आगं, ह्याच्यात माणसं हायती की!"

मी तिला खांद्यावरच्या पिशवीतलं भिंग दिलं. ती सगळ्यांना सांगू लागली. "निस्ता टोपीवाला हाय. भाषण करतोय. अजून करतोय. आता गाय आली. लई गाई हायती बया."

टँकर आला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, पण एकही बाई जागची हलली नाही. "थांब रं जरा," चुलती ओरडली, "पिच्चर चालू हाय!" लायन खदखदून हसली.

पण चुलती हसली नाही. भिंग डोळ्याला लावून ती तशीच थांबली.

"पालथी घागर," ती म्हणाली. मग आईकडे वळली. "अक्का, खरंच हाव की वो तुमी."

आई पुढे आली. चुलतीनं भिंग तिच्या हातात दिलं. किती वर्षं तिनं या क्षणाची वाट पाहिली होती, आणि मीही. आईनं तोंड उन्हाकडे करून खूप वेळ पाहिलं. विहीर, विहिरीपासून लांबवर मांडलेल्या घागरी, आणि त्यांच्यामागे डोक्यावर पालथी घागर घेतलेली कोवळी पोर.

"आगं बया," आई म्हणाली, "तवाबी लायनीतच व्हते की गं मी!"

आणि ती हसायला लागली. इतकी हसली की डोक्यावरची घागर पडली आणि गडगडत टँकरच्या चाकाशी गेली. ड्रायव्हरनं ती उचलली आणि सगळ्यांत आधी तीच भरली. कुणीही नंबराचं नाव काढलं नाही.