दोन तांब्यांची चाचणी

कुठलीही पिशवी हातात आली की सर ती कानाशी नेऊन ताणत आणि तिचा आवाज ऐकत. मग माझ्याकडे बघत. "अप्पा, तुमच्या दुकानातली ही प्लास्टिकची पिशवी तुमच्या पणतूलाबी पुरंल. माझी मात्र उदगीर जिल्हा व्हायच्या आत कुजंल."

ही मुदत फारच सोयीची आहे, असं मी म्हणायचो. जिल्हा होणार, होणार, हे आम्ही उदगीरकर कधीपासून ऐकतोय.

सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. माझ्या किराणा दुकानाच्या भिंतीला लागून त्यांचं घर. ज्वारीचं सत्त्व, ग्लिसरीन आणि थोडं व्हिनेगर ते त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, कुरडयांच्या पातेल्यात शिजवत आणि ताटावर पातळ पसरून गच्चीवर वाळवत. पहिल्या पिशव्या मुंग्यांनी खाल्ल्या, पुढच्या शेंगदाण्यांच्या वजनानं फाटल्या. एक टिकली. तिच्यात किलोभर तूरडाळ घालून सर गल्लीभर फिरले. तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असता, यांना नातू झाला.

आता ती कुजायला हवी होती. नाही कुजली तर माझी पिशवी काय वाईट? सरांनी तिचा एक तुकडा अंगणात पुरला, शेजारी माझ्या पिशवीचा. पण साल दुष्काळाचं. टँकर आठवड्यानं यायचा, जमीन नुसती कोरडीठाक. काही दिवसांनी उकरलं तर दोन्ही तुकडे जसेच्या तसे. सर खड्ड्यातली माती बोटांनी चुरत बसले.

"मातीला ओलच न्हाई, तर जंतू काम कसं करतील?" दुसऱ्या दिवशी ते म्हणाले. तुकडे पुन्हा पुरले आणि आंघोळीचा दगड उचलून तिथंच आणला. रोज सकाळी, साऱ्या गल्लीदेखत, मोजून दोन तांब्यांची आंघोळ.

उन्हाळा लागताना एका सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "अप्पा, लवकर या." मी गल्ला उघडा टाकून धावलो. खड्ड्यात माझ्या पिशवीचा तुकडा तसाच लालभडक होता. सरांचा नव्हताच. होती फक्त माती. त्यांनी ती चिमटीत घेऊन मला दाखवली.

"मीबी रोज भाजी धुतलेलं पाणी वतत व्हते," काकू हळूच म्हणाल्या. "तुमच्या दोन तांब्यांनी काय भिजणार व्हतं?"

सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "मग ही चाचणी बाद. पुन्हा पुरायची. ह्या बारीला तू थेंब वतायचा न्हाई."

लगेच नवा तुकडा पुरला. पाऊस यायच्या आत सर गेले. झोपेतच.

तेराव्यानंतर एका सकाळी मी भिंतीवरून सहज डोकावलो. काकू भाजीचं पाणी लांब तुळशीला घालून आल्या. मग तांब्या भरून त्या रिकाम्या दगडावर ओतला. पुन्हा भरला, पुन्हा ओतला.

"काकू, हे काय?"

"त्यांच्या आंघोळीचं हाय," त्या म्हणाल्या आणि तांब्या पालथा घातला. "दोनच. ज्यादा झालं तर पुन्हा बाद म्हनतील."