बजेटात बसवा की!

कॉम्प्युटर जोडून झाला की टेबलावर एखादा स्क्रू हमखास उरतो. तो कुठला हे कळत नाही, आणि टाकवतही नाही. किश्शांचंही तसंच! सोलापुरात एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर मी आणि माझा पार्टनर मल्लिनाथ लोकांना त्यांच्या बजेटात पीसी जोडून देतो. स्क्रूंचा डबा अजून भरायचाय, किश्शांचा कधीच वाहायला लागलाय.

आमच्याकडं येणारा माणूस मुळात अस्वस्थ असतो. पैसे मोजके, पार्ट महाग आणि यूट्यूबवर रोज नवा सल्ला. सकाळी ठरलेलं दुपारी बदलतं. त्यांचं बघून आमचाही जीव थाऱ्यावर राहत नाही.

*

मंगळवेढ्याचे एक सर आहेत, गणित शिकवतात. एसटीनं येतात, वहीतली पार्टची यादी समोर ठेवतात आणि म्हणतात, "फायनल!" मी बिल करायला घेतलं की उठून उभे. "थांबा, थांबा. पुढच्या महिन्यात नवा प्रोसेसर येतोय म्हणे. मग हा स्वस्त होईल की!"

असं सहा वेळा झालं. मल्लिनाथ अक्कलकोटकडचा; चिडला की आधी कन्नडमध्ये पुटपुटतो, मग मराठीत बोलतो. सातव्या वेळी पुटपुटून झाल्यावर म्हणाला, "सर, ज्वारी पेरतानापण असंच करता का? हा पाऊस नको, पुढचा बरा येईल?"

सर एकदम गंभीर. "करतो की! म्हणून तर दोन वर्षं रान पडीक हाय!"

*

होटगीचं एक कुटुंब आलं. वडील रेल्वेत, मुलगी आर्किटेक्चरला. तिनं प्रोसेसर भारी घेतला, ग्राफिक कार्ड भारी घेतलं आणि शेवटी म्हणाली, "एसएमपीएस कुठलापण टाका, स्वस्तातला."

एसएमपीएस म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा. तो हलका निघाला तर बाकीचं सगळं जळतं. मल्लिनाथ कळवळला. "ताई, एसएमपीएस म्हणजे घरातली आई! सगळ्यांना तीच पुरवणार, आणि यादीत नाव शेवटी!"

मुलीची आई इतका वेळ मांडीवर पिशवी धरून गप्प बसली होती. ती नवऱ्याकडं वळली. "खोडा ते सगळं. पयलं त्येचं नाव लिवा."

वडिलांनी निमूट लिहिलं!

*

श्रीनिवास टॉवेलची डिझाइनं करतो. घरी तेलुगू बोलतात, घरचेच माग आहेत. त्याला मशीनसाठी काचेचा, आत रंगीत दिवे लागणारा कॅबिनेट हवा होता. सोबत वडील. मला वाटलं, आता भांडण होणार.

"या दिव्यांनी मशीन जोरात पळतं का?" वडिलांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"छान दिसतं, नाना," श्रीनिवास हळूच म्हणाला.

नाना काचेजवळ वाकले. "टॉवेलच्या काठानं कोण अंग पुसतंय? तरी आपण रंगीत काठ लावतोच की. लावा दिवे!"

*

दसऱ्याला सकाळी फोन. घरी टायपिंगची कामं घेणाऱ्या एक बाई. "दादा, पळत या! मशीनमधून लाल धूर येतोय!"

काळा धूर बघितलाय, पांढरा बघितलाय. लाल? गाडी काढली आणि सुटलो.

जाऊन बघतो तर भिंत लाल, पडदा लाल आणि खुर्चीत बसलेले सासरेबुवा डोक्यापासून बनियनपर्यंत लाल! बाईंनी पूजा करताना मशीनच्या मागच्या जाळीतून पंख्यावरच कुंकू वाहिलं होतं, चांगलं मूठभर. आणि मग बटण दाबलं.

बाई रडकुंडीला आलेल्या. लोकांची सगळी कामं त्यातच होती. मी उघडून, झटकून, पुसून परत चालू केलं. झालं चालू!

सासरेबुवा पापण्यांवरचं कुंकू पुसत म्हणाले, "मशीनला काय धाड भरलीय? पूजा माझी झाली!"

*

हा एक मात्र मी फारसा कुणाला सांगत नाही.

कुलकर्णी काका एका सरकारी ऑफिसात टेलिफोनवर बसतात. जन्मापासून दिसत नाही. काका कथा रचतात. ते सांगणार आणि काकू वहीत लिहून घेणार, असं बावीस वर्षं चाललेलं. आता ते बोलणाऱ्या सॉफ्टवेअरवर टाइप करायला शिकले होते.

दोघं मिळून आले. काकांनी एकेक पार्ट हातात घेऊन चाचपला. रॅम वाढवायची तर दुसरं काहीतरी कमी करायला हवं होतं.

"मॉनिटर काढा," काका म्हणाले.

"मॉनिटरशिवाय कसं चालेल?" मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

काका हसले. "मशीन बोलणार, मी ऐकणार. मध्ये कुणी नको!"

काकू खिडकीतून खाली रस्त्याकडं बघत होत्या.

मी घरी जाऊन मशीन बसवून दिलं. हेडफोन लावून काकांनी पहिलं अक्षर दाबलं, कानात ते ऐकलं आणि लगेच दुसरं दाबलं. काकू चहा ठेवायला आत गेल्या.

आठवड्यानं काकू एकट्याच दुकानात आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. "एक मॉनिटर द्या. छोटा चालेल, अक्षरं वाचता आली म्हणजे झालं."

"काकांना सांगितलंय ना?"

काकूंनी पर्स उघडली.

"त्यांना कुठं दिसणारंय?"