मनकर्णेची शिंक

मनकर्णा धनगरीण खोटं बोलत नसे. अडलं तर ती फक्त शिंकायची.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. हरिबा आणि मनकर्णा या नवराबायकोनं उमापूरच्या सुंदरराव पाटलाच्या रानात मेंढरं बसवली होती. मेंढरांच्या लेंड्यांचं रानाला खत व्हायचं, बदल्यात पाटलानं ज्वारी द्यायची आणि ठरलेले दिवस भरले की बिऱ्हाड घोड्यावर लादून पुढं निघायचं, असा रिवाज. पुढचा मुक्काम कडा गावाकडं होता. पण कळपाची कुत्री लांडग्याशी झुंजताना मेली होती आणि तिचं एकुलतं पिल्लू हगवणीनं आडवं झालं होतं.

हरिबाचा कायदा सरळ होता. "चालंल ते संगं, न चालंल ते मागं. घोड्यावर आधीच लई वझं हाय."

"आवं, पण त्याची माय आपल्याच मेंढरापायी गेली न्हवं?" मनकर्णा म्हणाली. हरिबा मेंढरं मोजायला लागला. तिला मात्र त्या पिल्लाला रानात टाकून जायच्या विचारानं भाकर गोड लागेना.

तिनं मेंढीच्या दुधात पाणी घातलं, चिंधी बुडवली आणि त्याच्या तोंडात पिळली. थेंबभर आत गेलं, बाकीचं घोंगडीवर. लोळत दूध पितं म्हणून तिनं त्याचं नाव नवाब ठेवलं. कुणी सरकारी माणूस रानात आला की तेवढ्यापुरतं ती त्याला नुसतं कुत्रं म्हणायची.

निघायच्या सकाळी घोडा लादला, हरिबानं काठी उचलली आणि मनकर्णा सणसणीत शिंकली. हरिबा लांडग्याला भीत नसे, पण निघताना कुणी शिंकलं की त्याचं पाऊल उचलायचं नाही. बिऱ्हाड उतरलं. दुसऱ्या सकाळी तेच. त्यानंतर हरिबानं तिला कळपाच्या पार मागं उभं केलं, तर ती तिथून अशी शिंकली की घोडा बुजला. पदराच्या गाठीत तपकीर होती, हे वेगळं सांगायला नको.

फुकटचं खत पडताना बघून पाटील खूश. "मनकर्णाबाई, पडशाला औषध घेऊ नका बरं का," असं तो जाता-येता बजावायचा.

तोवर ताकातल्या कण्या खाऊन नवाब बसायला लागला, मग उभा राहिला आणि उभा राहताच हरिबाच्या पायताणाला चावला. हरिबानं त्याला भरपूर शिव्या घातल्या, पण पाय काही मागं घेतला नाही.

मग एका सकाळी मनकर्णेनं पदराची गाठ सोडली नाही. हरिबा काठी घेऊन उगाच रेंगाळला, वळून वळून तिच्याकडं बघत राहिला. शिंक आलीच नाही. बिऱ्हाड निघालं. सगळ्यांच्या पुढं नवाब, शेपटी ताठ करून.

ही ऐट ओढ्यापर्यंत टिकली. तिथं त्याचे पाय लटपटले आणि तो वाळूत बसला. मनकर्णेचा हात पदराच्या गाठीकडं गेला. आता अर्ध्या वाटेवर शिंकून काय उपयोग? एवढ्यात हरिबानंच हाळी देऊन मेंढरं थांबवली.

"शिंक की!" तो तिच्यावर खेकसला.

"काय?"

"पदरातली तपकीर वढ आन् शिंक! कावून बघायलीस नुसती? कुत्र्यासाठी थांबलो, आसं माज्या तोंडानं म्हनू व्हय?"

मनकर्णेला असं हसू फुटलं की शिंक काही येईना. शेवटी तिच्या पदराची गाठ सोडून तपकीर हरिबानं स्वतःच ओढली.